नाव घेणारी

अभिराज कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी हेडफोन कानाला लावायचा. चंदनाला त्या हेडफोनचा जितका राग यायचा तितका खऱ्या सवतीचाही आला नसता.

खरं म्हणजे हेडफोन लावायला तिनंच सांगितलं होतं. भूमिका आठ महिन्यांची, झोप तिची चिमणीएवढी, आणि बंगळूरमधल्या बनशंकरीच्या त्या दोन खोल्यांत कीबोर्ड वाजला की ती दचकून उठायची. म्हणून मग बाहेरच्या खोलीत आवाज यायचा तो फक्त पट्ट्यांचा. टक टक, टक टक. सूर सगळे त्याच्या कानात. शहराबाहेर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात दिवसभर ड्रॉइंगं काढून दमलेला माणूस तिथं डोळे मिटून बसायचा आणि मधेच, कुणी कानात काही बोलल्यासारखा, हसायचा.

चंदना दारातून बघायची. तिच्या मांडीवर बाळ दूध पीत असायचं.

एका दुपारी भूमिका झोपली तेव्हा तिनं तो हेडफोन लावला आणि तो वाजवताना लावायचा ती टेप चालू केली.

वाद्यं नव्हतीच. ढोलकाचा एक मशीनवरचा ठेका, आणि त्यावर एका बाईचा उघडावाघडा आवाज. घोगरा. रडून झाल्यावर तोंड धुऊन आलेल्या बाईसारखा. भाषा कळत नव्हती, पण त्या आवाजाला कुणाची परवानगी लागत नव्हती एवढं कळत होतं. कडवं संपलं आणि ती बाई सुरातच म्हणाली, "या अभिराज! अभिराज!"

चंदनानं हेडफोन काढून ठेवला. मग परत लावला.

लग्नात सगळ्यांनी तिला नाव घ्यायला लावलं होतं. हजार माणसांसमोर ऑर्केस्ट्रात गायलेली मुलगी, पण त्या दोन ओळींच्या उखाण्याला तिला घाम फुटला होता. ऑर्केस्ट्रात ती त्याला खुशाल "अभि, अर्धा सूर खाली घे रे" म्हणायची. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाई, सोयराबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "आपल्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत हं." रागानं नव्हे, सहज. तेव्हापासून तो "अहो" झाला, नंतर "भूमीचे पप्पा". गेली तीन वर्षं ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. आणि ही कोण कुठली बाई, कडव्याकडव्याला ते गाण्यात घालून घेत होती.

संध्याकाळी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ती बाई गाण्यात तुमचं नाव का घेते?"

"कोण, खैरा? अगं, त्यांची पद्धतच आहे तशी. 'या' म्हणजे आपलं 'अरे'. राय म्हणतात त्या गाण्याला. वाजवणाऱ्याचं नाव घ्यायचं, कॅसेट काढणाऱ्याचं घ्यायचं. हयवदन अण्णांचंही घेतलंय की."

"अण्णांचं एकदाच घेतलंय."

"मोजलंस?"

"स्वल्प."

तो हसला. तिला ते हसू आवडलं नाही. "आणि वाद्यांशिवाय का गाते?"

"तिकडे नुसता गळा आधी टेपवर भरून घेतात. गाणारी ढोलकावर गाऊन निघून जाते. मग कीबोर्डवाला बसतो. ती गाऊन जाते, मी मागून तिच्याभोवती घर बांधतो असं समज." पोळी करपली.

खैरा अल्जेरियाची, ओरान नावाच्या बंदराच्या गावची. बंगळूरला फार्मसी शिकायला आलेली. रेसिडेन्सी रोडवरच्या एका पबमध्ये रविवारी संध्याकाळी गायची. सुदानची, येमेनची, तिच्या स्वतःच्या देशाची पोरं तिला ऐकायला जमायची आणि खैराच्या नावाआधी 'शेबा' लावायची. तिकडे गाणाऱ्या तरुण बाईला तसंच म्हणतात. चिकपेठेतल्या हयवदन अण्णांचा सगळा संसार देवाच्या गाण्यांच्या कॅसेटींवर उभा होता. त्यांना कुणीतरी सांगितलं की ही गाणी आखातात खपतील. कीबोर्डवाला हवा होता. भूमिका पोटात असताना चंदनानं ऑर्केस्ट्रा सोडला आणि तिच्याशिवाय अभिराजचंही तिथं मन लागेना. तो मोकळाच होता.

मग एका सकाळी अण्णांचा फोन आला, खाली घरमालकाकडे.

"अक्का, अभिराजला सांगा, दुबईच्या हॉटेलचे शेट्टी या रविवारी ऐकायला येतायत. पसंत पडलं की सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट. खैरा आणि कीबोर्ड, दोघंच. त्याचा पासपोर्ट तयार आहे ना? तो बोललाच असेल."

"हो, बोललेत," चंदना म्हणाली.

तो बोलला नव्हता. ती जिना चढून वर आली, बाळाची दुपटी वाळत घातली आणि त्यांतलं एक असं पिळून पिळून काढलं की सोयराबाई म्हणाल्या, "अगं, फाटेल ते."

शनिवारी अभिराजनं खैराला जेवायला आणलं. चंदनानं मुद्दाम वेणी घातली, लग्नातल्या कुड्या घातल्या. आणि दारात उभी होती एक उंच, हडकुळी मुलगी. टाचा भेगाळलेल्या, सुती कुर्त्याचं एक बटण तुटलेलं. देखणी असती तर बरं झालं असतं. देखण्या बाईवर जळायला सोपं असतं. ही तर आल्या आल्या हात धुऊन भूमिकाला उचलून बसली आणि तिच्या टाळूचा वास घेत राहिली, जसा चंदना रोज कुणी बघत नसताना घ्यायची.

खैराचं इंग्रजी तुटकं होतं, पण हातवारे पुष्कळ. चित्रान्नाच्या भातातला कढीपत्ता निवडून ताटाच्या कडेला लावत ती तिकडच्या गाण्याच्या रात्रींबद्दल सांगत होती. तिकडे गाणं सरळ कधी होतच नाही. कुणीतरी उठतो, नोट देतो, निरोप सांगतो. मग नावं पुकारणारा माणूस हात वर करतो, गाणं जिथल्या तिथं थांबतं आणि तो ओरडतो, अमक्याकडून तमक्याला, जिवाभावाची भेट. गाणं पुन्हा सुरू. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरचा उठतो. परत थांबलं.

"म्हणजे कुणीही उठून गाणं थांबवू शकतं?" चंदनानं विचारलं.

"कुणीही."

"आणि तुम्ही परत कधी जाणार, ओरानला?"

खैरानं कढीपत्त्याचं आणखी एक पान बाजूला केलं. "आत्ता नाही. तिकडे गाणाऱ्यांना गोळ्या घालतायत."

सोयराबाईंना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी तिला आणखी भात वाढला.

चंदनाच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली. गाणं थांबवता येतं. शेट्टी ऐकायला येणार, आणि ते ऐकत असताना, कुणीही, गाणं थांबवू शकतं.

रविवारी तिनं भूमिकाला पोटभर पाजलं आणि सासूबाईंना म्हणाली, "यांच्याबरोबर जाऊन येते, आत्या. स्वल्प वेळ."

सोयराबाईंनी बाळ कडेवर घेतलं. "जा. काजळ नीट लाव, पसरलंय."

पब म्हणजे लांबट, अंधारी खोली, बियरच्या ओल्या वासाची. टोकाला हातभर उंचीचं व्यासपीठ. अभिराज तिला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवून, लिंबू सोडा सांगून वर गेला. अण्णा आणि शेट्टी अगदी पुढे बसले होते. खैरानं गायला सुरुवात केली आणि चंदनाला पहिल्यांदा दिसलं ते, जे हेडफोनमध्ये दिसत नव्हतं. ओळ संपताना खैरा मान किंचित वळवायची, आणि अभिराज, पट्ट्यांकडे न बघता, नेमका तिथंच सूर धरायचा. ते मान वळवणं. ते चंदनाचं होतं. ऑर्केस्ट्रात पाच वर्षं तिनं तशीच मान वळवली होती.

ती उठली. पर्समधली दहाची नोट काढली आणि टेबलांमधून सरळ व्यासपीठापाशी गेली.

खैराचे डोळे लकाकले. तिनं हात वर केला. गाणं लटकलं. अभिराजची बोटं हवेत राहिली. खैरा खाली वाकली आणि चंदनानं तिच्या कानात सांगितलं.

"बनशंकरीहून," खैरा माईकवर ओरडली, "भूमिकाच्या आईकडून, कीबोर्डवाल्याला! बाळाचं सर्दीचं औषध संपलंय!"

खोली हसली. अभिराज कानापर्यंत लाल झाला. गाणं पुन्हा सुरू झालं आणि चंदना परत टेबलापर्यंत पोचली नाही तोच ती वळली. दुसरी नोट.

"भूमिकाच्या आईकडून, कीबोर्डवाल्याला! दुबईची बातमी घरमालकाच्या फोनवरून कळते!"

आता झालं असेल वाटोळं, असं तिला वाटलं. तिनं शेट्टींकडे पाहिलं. शेट्टी उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिकडून एक सुदानी पोरगा नोट घेऊन धावला, खार्टूमच्या आईसाठी. मग येमेनची दोघं, एकमेकांना ढकलत. मग कोरमंगलाची एक मुलगी, शेजारी बसलेल्या आपल्याच होणाऱ्या नवऱ्यासाठी. गाणं दर ओळीला थांबत होतं आणि दर वेळी अधिक जोरात उसळत होतं.

अण्णा धापा टाकत तिच्यापाशी आले. "काय डोकं लावलंत, अक्का. शेट्टी म्हणतात, आत्तापर्यंत नुसतं गाणं होतं, आता मैफलीची रात्र झाली."

चंदनाला हसावं की रडावं कळेना. ती बेत मोडायला आली होती, आणि त्या मोडण्यातूनच तो उभा राहिला.

वरून खैरानं तिला हात केला. "ये! पुकारायला माणूस नाही माझ्याकडे. तुमच्या भागांची ही नावं, बसवनगुडी वगैरे, माझ्या तोंडात बसत नाहीत."

नाही म्हणायचं होतं. पण बाळ झाल्यापासून तिनं माईक हातात धरला नव्हता, आणि तो समोर होता. तिनं तो घेतला. पहिलं नाव पुकारताना आवाज फाटला, दुसऱ्याला जागेवर आला, आणि मग तिलाही कळलं नाही कधी ती सुरातच पुकारू लागली. तिनं हात वर केला की अभिराज थांबायचा. खाली केला की सुरू. तो तिच्याकडे बघत होता. बघावंच लागत होतं. तरी ओळीच्या शेवटी खैराची मान वळायची, आणि चंदनाला ते तसंच टोचायचं. आनंदानं ते गेलं नाही, आनंदाच्या शेजारी बसून राहिलं.

मग अभिराजनं एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं खिशातून नोट काढली आणि तिच्यापुढे धरली.

तिनं हात वर केला. गाणं थांबलं. "काय म्हणू?"

"म्हण, अभिराजकडून चंदनाला. जाऊ का?"

"हे घरी विचारता आलं नाही?"

"घरी रोज ठरवायचो, आज विचारू. आणि हेडफोन लावायचो."

खोली वाट बघत होती. शेट्टी, अण्णा, सुदानी पोरगा. खैरा ओठांना पाण्याची बाटली लावून उभी होती. मराठी तिला कळत नव्हतं, ती नुसती दोघांकडे बघत होती, आळीपाळीनं, आणि तिच्या कुर्त्याचं बटण अजून तुटकंच होतं.

'नाही' अगदी ओठावर आलं होतं. सोपं होतं. तो थांबला असता, कुरकुरला नसता. आणि मग रोज संध्याकाळी पीण्याहून येऊन, डोळे मिटून, तो त्याच आवाजाभोवती घर बांधत बसला असता, दुबईला न जाता, तिच्या डोळ्यांदेखत. तिला त्या हेडफोनमधल्या बाईपेक्षा ही समोरची, भेगाळलेल्या टाचांची बाई परवडली असती.

तिनं माईक तोंडाशी नेला. "अभिराजकडून चंदनाला," ती म्हणाली, आणि ते नाव तोंडातून जाताना तिला लग्नातल्यासारखा घाम फुटला. "जाऊ का?" मग श्वास घेतला. "चंदनाकडून अभिराजला. जा. सहा नाही, तीन महिने. आणि दर गाण्यात माझं नाव घ्यायचं. दर गाण्यात, अभि, कळलं का तुला?"

शेवटचं तिनं खैराला इंग्रजीत सांगितलं. खैरानं गंभीरपणे मान डोलावली, तोंडात नाव घोळवून पाहिलं. "शंदना," ती म्हणाली. "बनशंकरी." आणि अभिराजकडे मान न वळवता, चंदनाकडे वळवून, गाणं उचललं.

शेट्टींशी घासाघीस होऊन शेवटी चार महिन्यांवर मिटलं.

अभिराज गेल्यानंतर दुसऱ्या महिन्यात दुबईहून सुट्टीवर आलेल्या कुणाकडून तरी कॅसेट आली, हॉटेलातच भरलेली, ग्लासांच्या आवाजासकट. दुपारी सोयराबाई देवळात गेल्यावर चंदनानं भूमिकाला मांडीवर घेतलं, हेडफोन लावला. पहिल्या गाण्यात नाव होतं. दुसऱ्यातही. "शंदना! बनशंकरी!" खैरा ते असं ओरडायची की कुणाला वाटावं तिथं समुद्र आहे. चंदना दर वेळी हसायची आणि दर वेळी पुढच्या गाण्याला जीव मुठीत धरून बसायची.

शेवटच्या गाण्यात नाव आलं नाही.

तिनं टेप मागे घेतली. परत ऐकली. आणखी मागे घेतली. कडव्यानंतर ढोलक थांबत होता, कीबोर्ड थांबत होता, ग्लास किणकिणत होते, आणि कुणीच काही म्हणत नव्हतं. मग गाणं सुरू. विसरली असेल. की मुद्दाम? दोघं एकमेकांकडे बघत असतील का त्या वेळी? तिनं ती जागा इतक्या वेळा ऐकली की भूमिका कंटाळून वायर ओढू लागली. वायर सुटली. स्पीकर सुरू झाला आणि खोलीभर खैराचा आवाज पसरला. बाळ दचकलं नाही, मान वर करून ऐकत राहिलं.

पुन्हा ती जागा आली. ढोलक थांबला. कीबोर्ड थांबला.

चंदनानं हात वर केला. "भूमिकाकडून अभिराजला," ती म्हणाली, मोठ्यानं, उघड्या खिडकीतून खालच्या घरमालकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "लवकर ये."

आणि हात खाली आणला, तसा तिकडे अभिराजनं सूर धरला.