दादाचा गुडघा

आमचा थोरला भाऊ चंद्रप्पा जन्माचा हट्टी, त्यात कॅन्सर निघाला. लातूरच्या दवाखान्यात सुरुवातीच्या केमो नीट पार पडल्या. पुढची घ्यायच्या दिवशी मात्र दादा अडून बसला. "आधी माझा गुडघा वाकवा, मग सलाईन."

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं नंतर बघू, केमो लांबवणं जिवावर बेतेल. दादा ढिम्म. पलंगावर बसून उजवा पाय दोन्ही हातांनी ओढायचा, कळ आली की शिव शिव म्हणायचा, पुन्हा ओढायचा. शिवगंगावहिनी रडकुंडीला आल्या. मी तर पार वैतागलो. जीव जायची वेळ आली आणि ह्याला मांडी घालायची हौस!

शेवटी डॉक्टरांनी समुपदेशन करणाऱ्या दामिनी मॅडमना पाठवलं. दादा उखडला, "मी काय येडा हाय का?"

"नाही काका. एवढ्या आजारात मनालाही धास्ती बसते. गुडघ्याचं काय ते सांगा," म्हणाल्या आणि गप्प बसून राहिल्या. आमच्या घरात असं गप्प कुणी बसत नाही. दादाला ते सोसवेना.

"आमच्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, मॅडम. लुनावरून पडल्यापासून माझा गुडघा वाकत न्हाई. आन् ह्यो मन्मथ लई घाईचा. दाबून बसवील. मोडला तर?"

"दादा, मी काय खाट दुमडतोय का?" मी उसळलो. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

वहिनींनी तिथल्या तिथे उदगीरला फोन लावला, अंत्यविधी करणाऱ्या संगय्यास्वामींना, स्पीकरवर. "स्वामी, ह्यांचा पाय वाकत न्हाई. लांब ठेवून बसवलं तर चालतंय का?"

"हाव, चालतंय की. खड्डा जरा रुंद घेऊ," स्वामींचा आवाज जड झाला. "लई चांगला माणूस होता. कवा गेले?"

"गेलो न्हाई!" दादा एवढ्यानं ओरडला की शेजारचे पेशंट उठून बसले. "जित्ता हाय मी!"

"मग जित्त्या माणसासारखं वागा की!" वहिनींचा बांध फुटला. "तुमाला खड्ड्याची काळजी. मला त्या घरात एकटीला जायचं न्हाई, ते कुणाला सांगू?"

दादा त्यांच्याकडे वळला. मग आजार निघाल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडला. मीही रडलो, लपवत नाही. मॅडमनी कुणालाच गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळानं दादानं नाक पुसलं आणि नर्सला हाक मारली, "सिस्टर, लावा काय लावायचं ते. हिला एकटीला भ्या वाटतंय."