अकरा नावांमागचा सूर

मित्रांनो, तंजावरच्या पश्चिम राजवीथीमागे एका घरात, देवघराच्या उजव्या कोपऱ्यात, हिरव्या गवसणीत एक उंच म्हातारा उभा असतो. तो मी. मी एक तंबोरा आहे. माझे वय बहात्तर वर्षे. माझ्या चार तारा आहेत आणि पंचम, षड्ज, षड्ज व खालचा षड्ज एवढेच माझे शब्दभांडार. बहात्तर वर्षांत मी पाचवा शब्द शिकलो नाही. मला ऐकण्यासाठी म्हणून आजवर कोणी आले नाही. जे आले ते माझ्यापुढे बसलेल्या गळ्याला ऐकायला आले. यात मला उणेपणा वाटत नाही. उलट, हेच माझे वैभव आहे.

मी मूळचा फणस. एका देवळाच्या कुंपणाशी वाढलो. मला घडवणारे आसारी, म्हणजे इकडचे पिढीजात सुतार, म्हणत असत की घंटा ऐकत वाढलेले लाकूड अर्धे शिकूनच येते. त्यांनी माझे पोट कोरले, दांडी जोडली, खुंट्या बसवल्या आणि अखेरीस घोडीवर तारा चढवून प्रत्येक तारेखाली रेशमाचा एक बारीक धागा सरकवला. त्या धाग्याला इकडे ‘जीवा’ म्हणतात. तो अचूक जागी बसेपर्यंत तार नुसती वाजते. बसला की तार बोलू लागते. माझा जन्म मी त्या क्षणापासून मोजतो.

मला विकत घेतले ते अनिरुद्धराव नावाच्या संस्कृत शिक्षकांनी, आपल्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी. तिचे नाव वरलक्ष्मी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला माझ्यामागे बसवले आणि सांगितले, “बाळ, जो मागे बसतो त्याने पुढच्याला धरून ठेवावे, झाकू नये.” ते वाक्य तिच्यासाठी होते. मी मात्र ते स्वतःसाठीच मानले.

पुढे वरलक्ष्मीने लग्न केले नाही. ती संगीतशिक्षिका झाली, घरातल्या सर्वांची आत्या झाली, आणि तिरुवैयारुहून बस पकडून येणाऱ्या मुलींच्या कित्येक तुकड्या माझ्या सुरावर गाऊन गेल्या. मग एके वर्षी माझेच सूर काढणारी एक लहानशी विद्युत्पेटी घरात आली. तिला जुळवावे लागत नसे, ती दमट हवेने उतरत नसे. मी कोपऱ्यात गेलो. माझ्या दांडीला छत्री अडकवण्यात येऊ लागली, आणि एका पालीने माझ्या पोटामागे चार अंडी घातली. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, तेव्हा मला थोडे दुःख झाले. पण पालीची पिल्ले मोठी गोड होती.

आता या वर्षीची कथा ऐका.

आत्यांच्या भावाची नात भुवना हिचे लग्न वैकाशी महिन्यात, म्हणजे तमिळ पंचांगातल्या वैशाखात, पापनाशम गावी ठरले. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या या मराठी घराण्याची एक रीत आहे. लग्नाच्या सकाळी मंगलस्नान करून नवरी पाटावर बसली, की घराच्या लेकी तिच्याभोवती उभ्या राहून एक गाणे म्हणतात. त्यात या घरात सून होऊन आलेल्या प्रत्येक बाईचे नाव असते आणि तिने येताना काय आणले ते असते. पहिले कडवे असे आहे:

पहिली सोनाबाई, आली होडीतून,
पदरी बांधून तुळस आणली मातीसकट.

अशी अकरा कडवी, अकरा सुना. सुनांनी हे गाणे म्हणायचे नाही. लेकींनी सुनांची नावे घ्यायची, कारण घर उभे केले सुनांनी आणि ते विसरण्याची सवय असते घरच्यांना. ते गाणे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहिले असते तरी वाचणार कोण? या घरातल्या लेकी तमिळ शाळांत शिकल्या. मराठी त्यांच्या कानांत आहे, डोळ्यांत नाही. अकराही कडवी येणारी जगात एकच व्यक्ती उरली होती. ती म्हणजे आत्या, वय एक्याऐंशी. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि वैद्यांनी प्रवासाला साफ मनाई केली होती.

आत्यांजवळ त्यांची भाची सुप्रभा राहते. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि फावल्या वेळात आपल्या लोकांच्या पाककृतींच्या चित्रफिती इंटरनेटवर टाकते. तिने युक्ती काढली. आत्यांनी घरी गावे, तिने फोनवर चित्रित करावे, आणि चेन्नई, कोइंबतूर, तिरुची येथे विखुरलेल्या सहा बहिणींना ते पाठवावे. तिच्यासह सात लेकी ऐकून शिकतील आणि लग्नात म्हणतील.

आत्यांनी एकच अट घातली. विद्युत्पेटी नको, तंबोरा हवा. छत्री उतरली, गवसणी निघाली, नव्या तारा चढल्या. तारांखाली जीवा सरकवून आत्यांनी प्रत्येक धागा जागी बसवला. चौदा वर्षांनी मी बोललो. आत्या अकरा कडवी न चुकता गायल्या आणि शेवटी माझ्या पोटावर हात ठेवून क्षणभर बसून राहिल्या. त्या दिवशी माझ्याइतके सुखी लाकूड अख्ख्या कावेरीकाठी नव्हते.

त्यानंतर सुप्रभाने ती चित्रफीत सजवायला घेतली. तिच्या मनात प्रेमाखेरीज काही नव्हते, हे आधी सांगतो. फोनमधल्या एका साधनात ‘आवाज स्वच्छ करा’ असे बटण होते. तिने ते दाबले. त्या यंत्राने सबंध गाणे तपासले, आणि ज्याला सुरुवात नाही, शेवट नाही, जो न थांबता एकसारखा चालू आहे असा एक आवाज त्याला सापडला. पंख्याची घरघर समजून त्याने तो समूळ काढून टाकला.

मित्रांनो, तो आवाज मी होतो.

आता गाणे फार उघडे वाटते, असे सुप्रभाला वाटले. मग ‘हृदयस्पर्शी’ या सदरातून तिने एक तयार संगीत निवडले. त्यात बासरी होती, ढोल होते, आणि दर थोड्या वेळाने सूर्योदय झाल्यासारखा व्हायोलिनांचा लोंढा येत असे. ते सगळे भलत्याच पट्टीत होते. माझ्या सुरावर गायलेले गाणे तिने त्या परक्या सुरावर ठेवले, आणि सत्तर वर्षांत कधी बेसूर न झालेल्या आत्या बेसूर ऐकू येऊ लागल्या. अर्थात जिथे ऐकू येत होत्या तिथे. आत्यांना ती फीत दाखवली, तेव्हा त्यांनी अखेरपर्यंत शांतपणे पाहिली आणि विचारले, “छान आहे. बासरी कोण वाजवतो?” सुप्रभाला ती प्रशंसा वाटली.

फीत सगळीकडे गेली. जोडलेले हात आले, लाल हृदये आली, एका बहिणीने डोळ्यांत पाणी आल्याचे कळवले. शब्द कळत नाहीत, असे एकीनेही कळवले नाही. याचे कारण मोठे गमतीचे आहे आणि ते आमच्याच लोकांत घडू शकते. प्रत्येकीला वाटले, दोष आपल्या मोडक्या मराठीचा आहे. दुसऱ्या सगळ्यांना कळत असणार, मलाच कळत नाही. तेव्हा कळले नसल्याची जिला जितकी लाज वाटली, तितकी तिने जास्त हृदये पाठवली.

लग्नाला नऊ दिवस उरले असता रविवारी दुपारी फोनवर सगळ्यांची तालीम ठरली. पडद्यावर सहा चौकोन, त्यात सहा बहिणी, आणि सातव्या चौकोनात पापनाशमहून नवरीची आजी राजम. राजम ही आत्यांच्या भावाची पत्नी, गाण्यातली दहावी सून. वय शहात्तर, दोन्ही कानांत श्रवणयंत्रे, आणि जिभेला कसलेही आवरण नाही. सुप्रभाने सुरुवात केली. पहिली सोनाबाई सर्वांना आली, कारण ती संगीताचा लोंढा येण्याआधी होती. दुसऱ्या कडव्याला दोघी गळाल्या. चौथ्याला सगळ्या ‘ल ल ल’ करत चालीवरून पुढे जात होत्या, जशी बैलगाडी पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावरून अंदाजाने जाते.

राजमने त्यांना थांबवले. “पोरींनो, पोदुम, पुरे. सुप्रभा, मी ती फीत पाच वेळा ऐकली. ढोल ऐकले, बासरी ऐकली. अक्का कोठे आहेत?”

सुप्रभा म्हणाली, “काकी, गाणाऱ्या आत्याच की.”

“असतील. या घरात मी सत्तावन्न वर्षे रांधले. आत्ता एकदाच कोणी माझे नाव गाणार होते. ते त्या गाण्यात आले की नाही, तेच मज कळले नाही.”

मग कोइंबतूरची बहीण हळूच म्हणाली की तिलाही चौथ्यापुढे काही कळत नाही. मग तिरुचीची म्हणाली. मग एकेक करून सगळ्या, आणि आपली मराठी मोडकी नव्हती हे कळल्याच्या आनंदात त्या हसू लागल्या. सुप्रभा मात्र हसली नाही. फोन बंद झाल्यावर ती आत्यांच्या खाटेशी येऊन बसली आणि म्हणाली, “आत्या, तुम्हांला माहीत होते. मग बोलला का नाहीत?”

“तू इतक्या हौसेने केलेस,” आत्या म्हणाल्या. “शिवाय मला वाटले, हल्लीच्या कानांना असेच लागत असेल.”

“मी तुम्हांला झाकले.”

आत्यांनी त्यावर वडिलांचे जुने वाक्य तिला सांगितले. धरून ठेवावे, झाकू नये. सुप्रभा विज्ञानाची शिक्षिका. तिला वाक्यापेक्षा प्रयोग लवकर पटतो. आत्यांनी तिला माझ्यामागे बसवले, मला छेडायला लावले आणि स्वतः एक कडवे म्हटले. मग तारांवर हात ठेवून मला थांबवले आणि तेच कडवे पुन्हा म्हटले. दुसऱ्या वेळी आवाज तोच होता, पण जमीन काढून घेतलेल्या घरासारखा. मला गोंगाट ठरवणाऱ्या त्या बटणाविषयी तिने मग आत्यांना सारे सांगितले, आणि आत्या इतक्या हसल्या की गुडघा धरून बसावे लागले. “बहात्तर वर्षांनी याला कोणी स्वच्छ केले,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रण झाले. पंखा बंद, खिडकी बंद, शेजारच्या घरी कुकर न लावण्याची विनंती. एका वेळी एकच कडवे. सुप्रभाने त्यावर काहीच चढवले नाही. खाली फक्त मराठी शब्द तमिळ लिपीत लिहिले. सहाही घरांत ती अकरा कडवी स्वयंपाक करताना, स्कूटरवर, कार्यालयाच्या वाटेवर घोळू लागली. यावेळी हृदये कमी आली. प्रश्न पुष्कळ आले: सातव्या सुनेने आणली ती विळी की विळा? पाचवी कोणत्या गावची? आत्या खाटेवरून उत्तरे देत होत्या आणि मला वाटते, त्यामुळेच त्यांचा गुडघा लवकर बरा झाला.

लग्नाला मी गेलो. मोटारीत सुप्रभाच्या मांडीवर आडवा, दांडी खिडकीबाहेर. दोन्ही बाजूंनी कालवे, माडांची बने, पेरणीची वाट पाहणारी शेते मागे पळत होती. आयुष्यभर कोपऱ्यात उभा राहिलेल्याला हा रथोत्सवच होता.

मंगलस्नान झाले. भुवना ओल्या केसांनी पाटावर बसली. नागस्वरवाले क्षणभर थांबले. चित्रीकरण करणाऱ्या तरुणाने अदबीने विचारले की या प्रसंगामागे नंतर कोणते संगीत घालू. राजमने त्याला तमिळमध्ये उत्तर दिले ते असे, की तंबी, म्हणजे बाळा, इथे सात जणी गाणार आहेत, त्यांच्या डोक्यावर आणखी कोणाला बसवू नकोस. तो हसला आणि मान डोलवून मागे सरला.

आत्यांना घरी ऐकू यावे म्हणून एक फोन पाटासमोर ठेवला होता. सुप्रभा माझ्यामागे बसली, मी सूर धरला, आणि सात लेकींनी सोनाबाईला हाक घातली. नावे येत गेली. तुळस आली, विळी आली, तांब्याची घागर आली. दहाव्या कडव्याला ‘राजम आली, हसू आणले, घर जागे केले’ असे शब्द आले, तेव्हा त्या परखड म्हातारीने दोन्ही श्रवणयंत्रांवर तळवे धरले, जणू ते शब्द बाहेर सांडू नयेत. अकरावी सून म्हणजे भुवनेची आई भारती. ती उघडपणेच रडली. एकही कडवे गळाले नाही.

गाणे संपल्यावर सुप्रभाने फोन उचलला. तेव्हा तिच्या लक्षात आले की फोनसुद्धा अखंड आवाजाला गोंगाट समजून गाळून टाकतो. तिने खजील होऊन विचारले, “आत्या, तंबोरा तुम्हांला ऐकूच आला नसेल ना?”

“नाही आला,” तिकडून आत्या म्हणाल्या. “पण सात जणी अकरा कडव्यांत कणभरही उतरल्या नाहीत. तो बसला होता तिथे.”

मित्रांनो, माझ्या चार तारांना याहून मोठा सन्मान मिळालेला नाही.

आज माझ्यावर छत्री नाही. सुप्रभा रोज संध्याकाळी मला पुसते, जुळवते आणि बाराव्या कडव्यासाठी आत्यांकडून चाल शिकते. पुढच्या वर्षी घरात नवी सून येणार आहे. तुमचेही फोन आहेत, तुम्हीही चित्रफिती कराल. अवश्य करा, मला त्याचा आनंदच आहे. फक्त एखाद्या आवाजावर संगीत चढवण्याआधी तो आवाज एकदा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐका. त्यात कोणीतरी आपले नाव येण्याची वाट पाहत असेल. आणि एवढे करून मागे काही ठेवावेसेच वाटले, तर ते माझ्यासारखे ठेवा.