हरिबाची चिंतेची वेळ

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात खुटबावच्या हरिबानं शेणखताची गाडी रुळांपलीकडच्या रानात न्यायला काढली. तिथल्या वाटेला गाव फाटक म्हणायचं. फाटक असं तिथं काही नव्हतंच. ऐन रुळांवर डाव्या चाकाची लोखंडी धाव रूळ आणि फळीच्या मधे जाऊन बसली. हरिबानं बैलांना दामटलं, शिव्या दिल्या, खांदा लावला. चाक हलेना. तेवढ्यात दौंडच्या अंगानं धूर दिसला.

पुढचं सगळं त्याच्या हातांनीच केलं. जुपण्या सोडल्या, मोरक्या आणि हरण्या या बैलांना ओढत बांधावर नेलं. वळून बघतो तर गाडीच्या जागी इंजिन. फळ्या बाभळीवर लटकल्या, एक चाक हौसरावाच्या वांग्यात जाऊन पडलं, आणि शेणखत आजूबाजूच्या चार रानांना फुकटात मिळालं. हरिबाला ओरखडा नाही, बैलांना नाही. म्हसोबानं राखलं म्हणाले लोक. हरिबाही हसला, दोन कप चहा प्याला, आणि रात्री अंथरुणावर पडला तो डोळे सताड उघडे ठेवूनच.

दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. डोळा लागला की चाक अडकायचं आणि हरिबा अंथरुणातून उडायचा. दिवसा शिट्टी ऐकली की छातीत धडधड, तळव्यांना घाम. अनसाबाईच्या लेकीच्या लग्नात कुणाच्या तरी पोरानं पिपाणी फुंकली, तर पंगतीत बसलेला हरिबा बुंदीची परात ओलांडून मांडवाबाहेर! वाढपी परात घेऊन मागनं धावला. त्याला वाटलं, पाव्हणा रुसला.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या पोपटरावानं मंतरलेला ताईत आणला. कुणी जायफळ घातलेलं दूध सांगितलं, कुणी उशाखाली कांदा. बायकोनं, धुरपदानं, रोज टाळूवर इतकं तेल जिरवलं की उशीला मुंग्या लागल्या. झोप काय ती मुंग्यांनाच लागली. हरिबाचे डोळे खोल गेले आणि तोंड कडू झालं. भाकरी जरा करपली तरी तो ताटावरनं उठायला लागला. रुळांपलीकडचं रान तसंच पडलं.

आषाढात एका सकाळी खाकी कपड्यातला, उंच, काळासावळा माणूस सायकलवरनं आला आणि चावडीपाशी विचारू लागला, "रुळांवर अडकलेला तो बैलगाडीवाला कुठं राहतो?" पोपटराव धावतच हरिबाकडं आला.

"हरिबा, रेल्वेचा मानूस आलाय तुझ्या नावानं! इंजिनाची नासाडी केलीस म्हनून धरून नेत्याल!"

हरिबा कडब्याच्या गंजीत शिरला. धुरपदानं वरून चार पेंढ्या टाकल्या आणि पदर खोचून दारात उभी राहिली.

"मालक घरात न्हाईत," ती म्हणाली. "कवा येतील सांगता येत न्हाई."

"पण जिवंत आहेत ना?" त्या माणसानं विचारलं.

"अवो, हे काय बोलनं झालं?"

माणूस ओट्यावर मटकन बसला. "बाई, मी याकोब. त्या दिवशी इंजिन मीच चालवत होतो. रुळांवर माणूस दिसला, ब्रेक मारला, मग नुसता धुरळा. गाडी लांब जाऊन थांबली. गार्ड मागं जाऊन आला, म्हणाला, मानूस ठीक हाय. पण मी कुठं बघितलं? तीन महिने झाले, डोळे मिटले की तोच माणूस पुढं येतो. माझ्या बायकोनं, ग्लॅडिसनं, तर वैतागून..."

"तुमालाबी झोप न्हाई?" गंजी म्हणाली.

याकोब ताडकन उठला. गंजीतनं आधी पटका आला, मग कडबा डोक्यावर घेऊन हरिबा आला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग याकोबानं पुढं होऊन त्याचा दंड चाचपला, खांदा चाचपला, बाजारात बैल घेताना बघतात तसा.

"आहात की हो!" असं म्हणून त्यानं रुमालानं तोंड पुसलं.

"हाय," हरिबा म्हणाला. "झोप तेवढी न्हाई."

चहा झाला. याकोबानं सांगितलं, डॉक्टर झोपेच्या गोळ्या द्यायला तयार होता, पण गोळी घेऊन इंजिनावर चढणार कसं? म्हणून त्याच्या आईनंच त्याचा उपचार हातात घेतला होता. कृपाबाई मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, आता लेकाजवळ दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायच्या. "तुम्ही पण या," याकोब म्हणाला.

आगगाडीनं जायची हिंमत नव्हती. हरिबा सायकलवरनं दौंडला पोचला. कृपाबाईंनी त्याला समोर बसवलं आणि त्या दिवसाची सगळी हकीकत सांगायला लावली. मधे दोनदा पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, एवढंच.

"हरिबा, तुम्हाला वेड लागलेलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "अंगाला अजून कळलेलं नाही की गाडी निघून गेली. ते अजून पहाऱ्यावर आहे. त्याला हळूहळू समजवायचं. रात्र कशीही जावो, पहाटे एकाच वेळेला उठायचं. दिवसा आडवं व्हायचं नाही. दुपारनंतर चहा बंद."

"च्या बंद?" हरिबाचा चेहरा पडला. "त्यापरीस इंजिन परवडलं, बाई."

"शिट्टी ऐकू आली की पळायचं नाही. गरम दुधावर फुंकर घालता ना, तसा हळू श्वास सोडायचा. झोप नाही आली तर कुशी बदलत पडू नका. उठून काहीतरी कंटाळवाणं काम करा. आणि चिंतेला वेळ ठरवून द्या. पाच ते साडेपाच. पोटभर करा. एरवी आली तर सांगा, आत्ता नाही, पाचला ये."

"आन् ती ऐकंल?"

"पहिल्यांदा नाही ऐकणार. सांगत राहायचं."

गावात घड्याळ पोपटरावाकडं, तेही बंद. पण संध्याकाळची पॅसेंजर पाचच्या सुमारास शिट्टी मारायची. म्हणजे ज्या शिट्टीला हरिबा भ्यायचा, तिच्याच इशाऱ्यावर त्याला चिंतेला बसावं लागायचं. तो पारावर लिंबाखाली बसायचा, गुडघ्यावर हात, भुवया आखडून. कुणी हाक मारली तर म्हणायचा, "आता न्हाई, चिंता चालू हाय."

आधी गाव हसलं. मग एक दिवस अनसाबाई शेजारी येऊन टेकली. लेक सासरी नांदते की नाही, ही चिंता तिच्या मनात होती. पोपटराव ताइताची थट्टा होईल म्हणून लांब राहिला होता, तोही विहिरीच्या पाण्याचा घोर घेऊन आला. पंधरा दिवसांत पारावर जागा मिळेना. "मला माझीच चिंता करायला वेळ घावंना," हरिबा धुरपदाला म्हणाला. "दुसऱ्यांचं ऐकता ऐकता साडेपाच होत्यात."

"बरंच हाय की मग," धुरपदा म्हणाली.

रात्री जाग आली की तो कंदील लावून सुताचे दोर वळायचा. दावणीला दोर झाले, शेजाऱ्यांना झाले, शेवटी धुरपदानं सूत लपवून ठेवलं. पण श्रावणात एकदा दोर वळता वळता त्याला तिथंच डुलकी लागली. भाद्रपदात सलग चार तास झोप लागली, तेव्हा तो मेला की काय म्हणून धुरपदानं त्याच्या नाकापुढं हात धरला.

रुळांकडंही तो जाऊ लागला. आधी हौसरावाच्या वांग्यांपर्यंत, मग बांधापर्यंत. ज्या दिवशी पॅसेंजरवर याकोब असे, त्या दिवशी दोन छोट्या शिट्ट्या व्हायच्या. दिवाळीच्या आधी हरिबा तारेच्या खांबाला हात लावून उभा राहिला. फुंकर घालत. इंजिन धडधडत आलं, याकोब बाहेर वाकला, टोपी उंचावली. हरिबानंही पटका उंचावला, तर वाऱ्यानं तो उलगडला आणि शेवटच्या डब्यापर्यंत रुळांशेजारनं पळाला. त्याच्यामागं हरिबा पळत होता, आणि पळता पळता हसत होता.

कार्तिकात सुतारानं नवी गाडी दिली. हरिबा बैल जुंपून फाटकाकडं निघाला. धुरपदा मागं चालत होती, कुणाला न दाखवता देवाचं नाव घेत. फाटक वीस पावलांवर आलं आणि मोरक्या थांबला. चुचकारलं, कासरा हलवला. मोरक्यानं चारही पाय रोवले, अंगावर काटा आला, डोळे पांढरे झाले.

हरिबानं चाबूक उचलला. मग खाली ठेवला.

"काय झालं?" धुरपदानं विचारलं.

"तोबी हुता की त्या दिवशी," हरिबा म्हणाला. "त्याला कुनी इचारलंच न्हाई."

गाडी तिथंच सोडून तो मोरक्याच्या मानेवर हात फिरवत बसला. त्या दिवशी घरी परतला. दुसऱ्या दिवशी पावलं अठरा. मग पंधरा. गाव पुन्हा हसलं. हरिबा बैलाला चिंता करायला नेतो म्हणाले. हरिबा म्हणाला, "नेतो. तुमालाबी न्यायचं का?"

पौषात एका सकाळी मोरक्यानं रूळ हुंगला, फुरफुरला आणि पुढचं पाऊल टाकलं. हरण्या त्याच्यामागं. चाकं खडखडली आणि गाडी पलीकडं उतरली. हरिबानं गाडी उभी केली, खाली उतरला, आणि शेणखत ओढायच्या आधी दोन्ही बैलांना गुळाचा खडा दिला. दोर वळायच्या रात्री अजून येत होत्या, महिन्यातनं एखादी. पण त्या सकाळी रुळांपलीकडचं रान नांगरायला पडलं होतं आणि ऊन चढत होतं.