मिस्त्रीचे प्रश्न

माझ्या शेजारच्या दुकानातला मिस्त्री पाण्याच्या पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करतो, म्हणजे आतली जळालेली तार नव्याने गुंडाळतो. हाताचा बादशहा, तोंडाचा कसाई. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर स्वतःच्या पोराला पाना फेकून मारला. "नकट्या, तुझ्या हातात अक्कल नाही. चालता हो!"

पोरगा चालता झाला. परत आला नाही, फोन उचलेना.

मग कुठून तरी मिस्त्रीला कळलं, मोटारवाल्यांची एक साइट आहे. प्रश्न टाकायचा, ज्याला येतं तो उत्तर देतो, आणि सगळं जुनं तिथेच उघडं राहतं. पोरगा तिथे नावानिशी उत्तरं द्यायचा. झालं! मिस्त्रीने खोटं नाव घेतलं आणि येडपट प्रश्न विचारायला लागला.

"मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, काय करू?"

पोरगा लिहायचा, "घाबरू नका काका, सावकाश सांगतो."

ते 'काका' मिस्त्री मला मोबाइलवर दाखवायचा. "बघ, कसा समजावतो!" मी म्हटलं, "अरे, हे तूच शिकवलंस ना त्याला?" तर म्हणे, "शिकवलं कुठे, मारलं."

एक दिवस पोराने लिहिलं, मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर मोठा टाका, चालेल. मिस्त्रीचं डोकं सणकलं. आव गेला खड्ड्यात. त्याने तिथेच ठोकलं, "नकट्या, वायंडिंग जाळशील! आधी शाफ्ट हाताने फिरवून बघ, दांडा जाम आहे का, गाढवा!"

नकट्या म्हणणारा त्याला जगात एकच माणूस.

पोराने ओळखलं. साइटवाल्यांकडे अर्ज केला, माझं लिहिलेलं सगळं पुसा. आठवड्याभरात साफ. राहिले मिस्त्रीचे प्रश्न, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ: 'लिहिणाऱ्याच्या विनंतीवरून मजकूर काढला आहे.'

मिस्त्रीने साइटच्या ऑफिसला फोन लावला. "मी बाप आहे त्याचा!"

ऑफिसातली पोरगी म्हणाली, "काका, कायदाच आहे. ज्याचा मजकूर, त्याचा हक्क. तुमचाही काढू का?"

"माझा राहू दे."

त्या शिवीखाली कोणीतरी लिहिलंय, 'हा म्हातारा कोणावर भुंकतोय?' बाकीच्यांनी हसणारी तोंडं टाकलीत.

काल मिस्त्रीने तोच पहिला प्रश्न पुन्हा टाकला. मोटार गुणगुणते, फिरत नाही. दोन मिनिटांत कोणा परक्याचं उत्तर आलं. आधी शाफ्ट हाताने फिरवून बघा, म्हणे.

अगदी बरोबर होतं. शिवी घालायलासुद्धा जागा नव्हती.