'इतर' लिहिलेला ट्रे

मी 'इतर' बोलतोय. हो, तोच, रांगेत शेवटी असायचा तो ट्रे. आवाज ओळखीचा वाटला नाही ना? कसा वाटणार! आजवर मला कुणी काही विचारलेलंच नाही.

मुक्काम एका मोठ्या इस्पितळात, नेटवर्क सुरक्षेच्या खोलीत. अंग राखाडी प्लॅस्टिकचं, एक कोपरा जन्मतःच वितळलेला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा कारखान्यातल्या माणसानं मला बाजूला काढलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, "चालतंय, द्या खपवून," आणि मी पाच धडधाकट भावंडांबरोबर इथं येऊन पडलो.

इथल्या साहेबांचा एक हट्ट. संगणकावरच हल्ला झाला तर संगणकातली यादी वाचणार कोण? म्हणून प्रत्येक तक्रार कागदावर छापायची, तिचा प्रकार ठरवायचा आणि त्या त्या ट्रेमध्ये टाकायची. माझ्या भावंडांना काय भारदस्त नावं मिळाली! व्हायरस. घुसखोरी. फसवी मेल. सेवा ठप्प. माहितीची चोरी. प्रत्येकाचा नियम वेगळा, कागद पडला की माणसं पळत सुटायची. सहाव्या ट्रेच्या वेळी साहेब पेन धरून बराच वेळ छताकडे बघत बसले आणि मग त्यांनी 'इतर' असं लिहून टाकलं.

नियम मलाही होता : शुक्रवारी बघू. कुठल्या शुक्रवारी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 'माउस आपोआप हलतो', 'प्रिंटर रुसलाय', 'शेजारची बाई माझा पासवर्ड चोरून बघते' असलं सगळं माझ्या पोटात. वर साखरेच्या पुड्या, एक मोजा, आणि साहेब आठवडाभर शोधत होते तो त्यांचा चष्मा. माझ्यात सगळ्यात जास्त कागद, म्हणजे मीच सगळ्यात महत्त्वाचा, असं मला खरोखर वाटायचं. अक्कल बघा!

एके सकाळी हिशेब विभागातून तक्रार आली. एकेक करून फाइली उघडेनाशा होत होत्या, नावांपुढे कसलीतरी विचित्र अक्षरं. खोलीत दोन इंजिनियर, एकाला सगळे लंबू म्हणतात आणि दुसरीला मॅडम.

"व्हायरस आहे," लंबू म्हणाला. "नेटवर्कच्या तारा काढा."

"अहो, कुणीतरी पासवर्ड वापरून आत शिरलंय. ही घुसखोरी," मॅडम म्हणाल्या. "तारा काढल्या तर चोर सावध होईल. काय काय केलं त्यानं, कधीच कळायचं नाही."

दोघांचंही बरोबर. व्हायरस असेल तर लगेच तार काढा, घुसखोरी असेल तर तारेला हात लावू नका, असे दोन्ही नियम साहेबांनीच लिहिलेले. त्यांनी कागद एकदा या ट्रेवर धरला, एकदा त्या.

"ठरेपर्यंत इथं राहू दे," म्हणाले, आणि कागद माझ्यात.

मी फुलून गेलो. चला, आज मोठी पाहुणी आली घरी! तिकडे दोघांची हमरीतुमरी चालू, फोन वाजतोय, उचलतंय कोण!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. नवजात बाळांच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, म्हणजे साहेबांची सख्खी थोरली बहीण, धापा टाकत उभी.

"ताई, तू? आमची जरा चर्चा..."

"चर्चा गेली खड्ड्यात! फोन उचलत नाहीस म्हणून चार जिने चढून आले. आमचा स्क्रीन गोठलाय. पाळण्याजवळची यंत्रं सारखी बंद पडतायत. माझ्या पोरी बाळांच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजतायत. तार काढली तर यंत्रं आपापली चालतील, पण तुझ्या परवानगीशिवाय काढायची नाही, हा नियम कुणाचा?"

"माझाच. पण प्रकार कुठला, तेच अजून..."

"अरे, माझ्या वॉर्डात एकाही बाळाला अजून नाव नाही. म्हणून काय आम्ही दूध पाजायचं थांबतो?"

"काढा," साहेब म्हणाले, "सगळ्या वॉर्डांच्या तारा काढा," आणि स्वतःच बहिणीच्या पुढे जिना उतरत सुटले. थोड्या वेळानं खालून फोन आला, यंत्रं चालू आहेत, बाळं सगळी ठीक आहेत. मॅडमना रडू फुटलं. लंबूनं त्यांना पाणी आणून दिलं. आणि मी? ज्या कागदामुळे एवढं रामायण झालं तो साखरेच्या पुड्यांवर पसरून मी मिरवत होतो. लाज वाटली हो.

पुढे कळलं ते असं. चोर पासवर्ड घेऊन शिरला, माहिती चोरली आणि जाताना व्हायरस सोडून गेला. म्हणजे कागद तीन ट्रेंचा! लंबू आणि मॅडम अजूनही 'आधी मीच म्हटलं होतं' म्हणून भांडतात.

साहेबांनी मात्र मला रिकामं केलं, नखानं माझं लेबल खरवडलं आणि मला दाराजवळ सगळ्यांच्या पुढे ठेवलं. आता प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येतो. कुणाच्या जिवावर बेतलंय का, एवढंच विचारतात. प्रकार मग सावकाश ठरतो. लेबलाचा चिकटा तेवढा राहिलाय, त्यावर धूळ बसते. नवे लोक विचारतात, हा कसला ट्रे? कुणालाच सांगता येत नाही.

तुमच्या कचेरीतही माझा एखादा भाऊ असेलच. त्याला मान देऊ नका, त्याची तेवढी लायकी नाही. फक्त रोज रिकामा करत जा.

काल बाळांच्या वॉर्डातून एक कागद आला. साहेबांनी तो माझ्यात पडूच दिला नाही, हातात धरूनच धावले. मी तसाच रिकामा राहिलो. खरं सांगतो, काठोकाठ भरलेलो असताना मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.