अर्धी कमान

फाटकाच्या मधोमध खुंटी ठोकून संस्कृतीने तिला सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाशी फक्कीची पिशवी धरली आणि वाकून मागे मागे सरकत जमिनीवर पांढरा अर्धगोल ओढायला घेतला. कमान बांधण्याआधी ती पूर्ण मापात जमिनीवर आडवी काढून बघायची, असं आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवलं होतं. प्रत्यक्ष काढायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. सकाळचा चहा तसाच राहिला होता.

"अण्णा, रेघेवर उभे आहात."

तिचे वडील अर्जुनराव बाजूला झाले. "रोमची हाय ना पण ही?"

"रोमचीच."

"मग लई मोठी काढ. अंबाजोगाईच्या एसटीतनं दिसली पायजे."

घाटनांदुरात या फाटकाच्या आत दोन भावांची दोन घरं होती. वाटणीत सगळं निम्मं झालं. फाटक तेवढं सामाईक ठेवलं, कारण रस्त्याला दुसरी वाट नव्हती. पुढे अर्जुनराव पंचायत समितीची निवडणूक हरले आणि धाकट्या मोहनरावांच्या घरातली मतं कुठे गेली, याचा त्यांना संशय आला. त्या दिवसापासून भावाभावांतलं बोलणं बंद झालं आणि बांधकाम सुरू झालं.

आधी अर्जुनरावांनी व्हरांड्यापुढे ग्रीक देवळाचे उंच खांब उभे केले. ते ग्रीक आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते लातूरच्या एका मंगल कार्यालयाला पाहिले होते. मोहनरावांनी उत्तरादाखल गच्चीवर घुमट चढवला आणि आत पाण्याची टाकी बसवली. मग अर्जुनरावांच्या खिडक्या चर्चसारख्या टोकदार झाल्या, रंगीत काचांसकट. त्यावर मोहनरावांच्या दर्शनी भिंतीला वेलबुट्टी, शिंपले आणि पंखवाली गुबगुबीत बाळं आली. छबुबाईंनी, म्हणजे मोहनरावांच्या पत्नीने, त्या बाळांना चड्ड्या रंगवून घेतल्या आणि मगच शेजारणींना बघायला बोलावलं. युरोपला ज्याला दोन हजार वर्षं लागली, ते दोन्ही भावांनी चार दिवाळ्यांत उरकलं.

संस्कृती सुट्टीत घरी आली तेव्हा फाटकाबाहेर बॅग हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. अख्खा अभ्यासक्रम समोर होता. फक्त दोन घरांत वाटला गेला होता. कुणालाही हसू आलं असतं. तिला हुरूप आला. फाटक मला द्या, म्हणून तिने अण्णांच्या मागे लकडा लावला. काळ्या दगडाची एकच कमान, धारूरच्या बाजूचा दगड, वर एकही फूल नाही. तिच्या हातून उभं राहणारं हे पहिलं काम होतं. अण्णांनी होकार दिला. अट एकच होती, काकाला विचारायचं नाही.

रेघ वळत वळत मोहनरावांच्या मोटरसायकलखाली गेली, तसे खांद्यावर टॉवेल टाकून ते बाहेर आले. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी सगळी नोकरी कालव्यांवर काढली होती. रेघ दिसली की ती कुणाच्या हद्दीत आहे हे ते आधी बघत.

"संस्कृती, ही फक्की कुणाची?"

"माझी, काका."

"मग ती माज्यात कावून आली?"

अर्जुनराव दोन पावलांवरच उभे होते. "संस्कृती, सांग त्याला, कमान व्हायली म्हणून."

"ऐकू येतंय म्हणावं," मोहनराव तिलाच म्हणाले. "कमान तुमची, अन् तिचा पाय आमच्यात?"

"काका, तेच तर सांगतेय." संस्कृतीने फक्कीची पिशवी खाली ठेवली. "ग्रीकांचं सोपं होतं. दोन खांब, वर आडवा दगड. प्रत्येक खांब आपापला उभा. रोमनांनी काय केलं, सगळे दगड तिरपे लावले. प्रत्येक दगड पडायलाच निघालेला असतो. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे." तिने दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात दाबून धरले, मनगटापर्यंत फक्की होती. "एकमेकांना अडवतात, म्हणून कुणीच पडत नाही. हजारो वर्षं."

दोघेही तिच्या हातांकडे बघत राहिले.

"अन् नाव?" मोहनरावांनी विचारलं.

"मधल्या दगडावर," अर्जुनराव म्हणाले. "आमचं."

"मधला दगड कुणाच्या वाटणीत येतो, इचार तुज्या बापाला."

अर्जुनरावांनी फाटकाकडे पाठ केली. "ऱ्हाऊ दे गं, बाई. दगडबी नको अन् कुणाचं उपकारबी नको. सिमेंटात कर. भरपूर सळई टाक, आपल्या बाजूनं वर ने अन् मधोमध तोड. अर्ध्या रोमवर भागवू."

मोहनरावांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

संस्कृती सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बोट पांढरं पडलं, मग तिने ते सोडवलं.

"नाही उभी राहणार, अण्णा."

"सिमेंटातबी?"

"सिमेंटातही. अर्धी कमान पडतेच."

"सळई टाकून?"

"पुस्तकात आहे," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

अर्जुनरावांचा पुस्तकांवर फारसा विश्वास नव्हता. अंगठ्याने मागे खूण करत ते म्हणाले, "त्याला इचार. त्याचा जन्म सिमेंटात गेलाय."

मोहनराव उकिडवे बसले. अर्धगोल त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिला, खुंटी हलवून बघितली. आतून छबुबाईंनी चहा झाल्याचं सांगितलं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"पोरगी बरोबर बोलायली," ते अखेर म्हणाले. "पडती."

उठून त्यांनी मोटरसायकल ढकलत ढकलत घुमटाखाली नेऊन लावली. परत आले, सुतळीचं टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाले, "दादा, खुंटी ढिली हाय. दाबून धरा."

अर्जुनरावांनी संस्कृतीकडे पाहिलं. तिने फक्कीची पिशवी उचलली. मग धोतर सावरून ते खाली बसले आणि त्यांनी खुंटी दोन्ही हातांनी धरली.

सुतळी ताणत मोहनराव आपल्या अंगणात लांबवर मागे सरकले. फक्की टाकत संस्कृतीही त्यांच्याबरोबर गेली. अर्जुनरावांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर आल्यावर ते रेघेवरून नजर न काढता म्हणाले,

"सळई टाकूनबी अर्धी कमान पडती, असं परीक्षेत लिहू नको. नापास करतील."

त्या जागी फक्की जरा जास्त पडली.