गप्प बसण्याची परीक्षा

धुळ्याहून पारोळ्याच्या रस्त्याला लागलं की खेडीचा फाटा येतो. फाट्यावर पुनमचं दुकान. सहा बाय आठची खोली, एक संगणक, एक प्रिंटर आणि वर पाटी: 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' पाटी तिच्या नवऱ्यानं, समाधाननं, रंगवून घेतली होती. तो पिकअप चालवायचा आणि बायकोचं दुकान जणू आपणच चालवतो अशा थाटात गावात बोलायचा. बोलू दे बापड्याला.

पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक खिडकीशी येऊन अहिराणीत आपली अडचण सांगतात, पाटीवरचं काही मागत नाहीत. कुणी म्हणतं, "सासरानं नाव उतारावरथून काढनं शे." कुणी म्हणतं, "पोरना शाळाना पैसा उनात नही." आता संगणकावर 'सासऱ्याचं नाव काढणे' असं बटण कुठून असणार? तिथं असतं 'वारस नोंद'. सुरुवातीला पुनम वैतागायची. मग तिनं एक शंभरपानी वही केली. डावीकडे माणसाचं वाक्य, उजवीकडे फॉर्ममधला शब्द, आणि खाली घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते. सात वर्षांत अशा चार वह्या भरल्या. ही काही विद्या आहे असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दुपारचं गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर एक व्हिडिओ लागला. एक बाई सांगत होती की माणसं ॲपमध्ये कुठे अडतात ते बघणं आणि त्यांना सापडेल अशी माहितीची मांडणी करणं, हा एक धंदा आहे, त्याला यूएक्स म्हणतात आणि त्याचे पगार मिळतात. पुनमनं तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग ऑनलाइन कोर्स केला. आठ महिने, रोज दुपारी, शटर अर्धं ओढून. सर्टिफिकेट आलं तेव्हा समाधाननं पेढे वाटले आणि कशाचे पेढे हे विचारणाऱ्याला "कॉम्प्युटरचं काहीतरी मोठं शे" असं सांगितलं.

पण पेढ्यांनी नोकरी मिळत नाही. तिनं चार कंपन्यांना अर्ज केले. तिघींनी उत्तरच दिलं नाही. चौथीनं कळवलं, 'आपल्याकडे लोकांसोबत काम करण्याचा अनुभव दिसत नाही.' सात वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला हे वाचून हसावं की रडावं कळेना. ती रडली. डिझाइनची पदवी नाही म्हणजे आपलं दार बंद, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

अशात एका शनिवारी अखिल जैन गावात आला. धुळ्यातल्या कापडवाल्यांचा हा नातू. घरच्या गादीवर न बसता अहमदाबादेत डिझाइन शिकला आणि आता एका पुण्याच्या कंपनीचं काम धुळ्यातूनच करायचा. कंपनीचं ॲप होतं गोठ्यासाठी. जनावर आजारी पडलं की डॉक्टरला बोलवा, ढेप म्हणजे पेंड मागवा, दुधाची नोंद ठेवा, सगळं त्यात. गावातल्या नऊ बायकांना ते वापरायला देऊन बघायचं होतं. मुलगा नम्र, उन्हानं लाल झालेला, हातात छापील प्रश्नांचे कागद. त्यांच्यातल्या भिकुबाईच्या ओट्यावर सतरंजी पडली, चहा झाला, शेव झाली आणि नऊच्या नऊ बायकांनी एका सुरात सांगितलं, "बठ्ठं सोपं शे भाऊ, काही अडचण नही."

अखिल खुशीत परत गेला. सोमवारी सकाळी त्या नऊपैकी सहा जणी पुनमच्या खिडकीत हजर. "त्या पोरानं मोबाइलमा काय टाकी दिधं व माय? डॉक्टरले कसं बलावानं?"

"मग त्याला सोपं आहे असं का सांगितलंत?" पुनमनं विचारलं.

भिकुबाईनं कपाळावर हात मारला. "पाहुना इतला लांबतून उना. त्याले नाराज कसाले करानं?"

आता खरं सांगायचं तर पुनमला हे ऐकून बरं वाटलं. सहा बायका, म्हणजे डॉक्टरला बोलवायचे सहा निरोप, प्रत्येकाचे दहा रुपये. ॲप अवघड असणं हीच तिची भाजी-भाकरी. अखिलचा नंबर तिच्याकडे होता, तो गावात येण्याआधी तिच्याच दुकानात झेरॉक्स काढायला थांबला होता. तिनं फोन केला नाही. चार दिवस नाही. आपण काही लपवतो आहोत असंही तिनं स्वतःला वाटू दिलं नाही.

पाचव्या दिवशी ती भुसावळला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेली आणि दुकान बंद राहिलं. नेमकी त्याच दिवशी भिकुबाईची चंद्री नावाची म्हैस चारा सोडून बसली. खिडकी बंद बघून भिकुबाईनं स्वतःच मोबाइल काढला. डॉक्टर काही सापडला नाही, पण 'आहार' नावाचं, चाऱ्याच्या घमेल्याचं एक चित्र सापडलं. म्हैस खात नाही, म्हणजे आहाराचीच भानगड, असा सरळ हिशोब करून तिनं ते दाबलं. दुसऱ्या दिवशी म्हैस तोंड उघडेना आणि दारात सरकीच्या ढेपेचं पोतं येऊन पडलं. शेवटी शेजारच्या पोरानं मोटरसायकलवर जाऊन डॉक्टर आणला, म्हणून चंद्री वाचली. गाव पोट धरून हसलं. भिकुबाईही हसली, पण परतलेल्या पुनमशी बोलताना तिचा आवाज बसला. "दोन दिन ती मनाकडे देखत व्हती व."

त्या रात्री पुनमला जेवण गेलं नाही. सकाळी उठून तिनं पहिला फोन अखिलला केला आणि सगळं सांगितलं, आपण चार दिवस गप्प राहिलो तेसुद्धा.

अखिल त्याच दुपारी आला. बाजू मांडत बसला नाही, हे त्याचं मोठेपण. "पुनमताई, मी दोन दिवस तुमच्या मागे स्टुलावर बसू का? बोलणार नाही," एवढंच म्हणाला. बसला. माणसं येत राहिली, खिडकीत वाक्यं पडत राहिली. मधल्या वेळात तो वह्यांमधली जनावरांच्या विम्याच्या फॉर्मांची पानं चाळत होता. "म्हैस पान्हवत नाही", "गाय लंगडते", "वासरू उभं राहत नाही". त्याच्या ॲपात यातलं एकही वाक्य नव्हतं. तिथं होतं 'सेवा', 'उत्पादने', 'पशुआरोग्य'. पुण्याच्या ऑफिसात जशी खाती, तशी ॲपची मांडणी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"ताई, मी चार वर्षं शिकलो," संध्याकाळी अखिल म्हणाला, "आणि नऊ बायकांचं खोटं मला ओळखता आलं नाही."

"खोटं नाही हो, पाहुणचार होता तो," पुनम म्हणाली.

त्यानं वह्यांचे फोटो पुण्याला पाठवले. तिसऱ्या दिवशी त्याच्या वरिष्ठ हर्षिता मॅडमचा फोन आला. बाई मोजकं बोलणाऱ्या. "पुनम, तुम्ही आणि अखिलनं मिळून पहिलं पान नव्यानं मांडा. मग चाचणी तुम्ही घ्या, मी व्हिडिओवर बघते. जमली तर नोकरी. गावातूनच करायची. पदवी मी विचारणार नाही." आणि पुढे म्हणाल्या, "एकच अट. समोरची बाई अडली तर मदत करायची नाही. तुमचं बोट हलता कामा नये."

फोन ठेवल्यावर समाधाननं लगेच टोला मारला. "ॲप सोपं केलंस की दुकानाला कुलूप. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी बायको मला मिळाली." पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा त्यानंच कुठूनतरी आणून दिला. त्यांच्या कोऱ्या बाजूवर पुनमनं वह्यांमधली वाक्यं एकेक करून लिहिली आणि ती वाचून दाखवत बायकांना सांगितलं, तुम्हाला पटतील तसे ढीग करा.

अखिलला वाटलं, म्हशीचा ढीग, गाईचा ढीग, नाहीतर आजारांचा ढीग होईल. पुनमलाही तसंच वाटलं होतं. बायकांनी दोनच ढीग केले. एका ढिगात डॉक्टर या घडीला पाहिजे अशी वाक्यं, दुसऱ्यात सकाळी डेअरीवर दूध घालायला गेल्यावर सांगितलं तरी चालेल अशी. त्यावरून आपसांत थोडं भांडणही झालं, पण तिसरा ढीग कुणालाच सुचला नाही. सात वर्षं पुनम या बायकांची वाक्यं लिहीत होती, पण त्यांच्या डोक्यातली मांडणी तिनं कधी बघितली नव्हती.

दोन आठवड्यांत नवं पान तयार झालं. वर दोन मोठी दारं, एक लाल, एक हिरवं: 'आत्ताच डॉक्टर पाहिजे' आणि 'उद्या चालेल'. आत बायकांचीच वाक्यं, प्रत्येकाशेजारी चित्र.

चाचणीचा दिवस रविवार ठरला. भिकुबाई खाटेवर, हातात मोबाइल. समोर पुनम, तिच्या बाजूला अखिल, आणि डब्याला टेकवून ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलमध्ये पुण्याहून हर्षिता मॅडम. पुनमनं पाठ केल्यासारखं सांगितलं, "अक्का, समजा चंद्री सकायपासून चारा खास नही. डॉक्टरले बलावा."

भिकुबाईनं चष्मा लावला. पहिलं, लाल दार तिनं धडाक्यात उघडलं. 'म्हैस खात नाही' हेही चित्रावरून सापडलं. पुनमचा श्वास मोकळा होतोय न होतोय तोच पुढचं पान आलं: 'जनावर निवडा.' खाली बारा-बारा आकडी दोन नंबर. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावरचे ते नंबर. भिकुबाईच्या दोन म्हशी.

भिकुबाईचं बोट हवेतच थांबलं. "सांग ना व पुनम, आठे काय दाबू?"

पुनम गप्प.

"पुनम?"

काय होत होतं तिला ते तिचं तिलाच ठाऊक. उजव्या हाताला सात वर्षांची सवय. समोर कुणी अडलं की तो हात आपोआप पुढे जायचा. तिनं तो मांडीखाली दाबून धरला. चंद्रीचा नंबर खालचा आहे हे तिला माहीत होतं, गेल्या वर्षी विम्याच्या फॉर्मात तो तिनंच भरला होता. एक शब्द बोलली असती तर भिकुबाई सुटली असती आणि नोकरी गेली असती. आणि नोकरीचं राहू द्या, भिकुबाईचा तो केविलवाणा चेहरा बघवत नव्हता.

"मुकी व्हयनी का तू?" भिकुबाई तडकली. "इतला लोकेसमोर मनी फजिती करस?"

पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं. कोर्समध्ये शिकवलेलं एकच वाक्य तिच्याजवळ उरलं होतं. "अक्का, तुमले काय वाटस?"

"माले काय वाटस!" भिकुबाईनं मोबाइल आपटल्यासारखा मांडीवर ठेवला. अखिलनं मान खाली घातली होती. मग ती एकदम उठली, पदर खोचला आणि मोबाइल घेऊन गोठ्याकडे चालू लागली. सगळे मागे पळाले, हर्षिता मॅडमचा मोबाइल अखिलच्या हातात हेलकावे खात होता.

भिकुबाईनं चंद्रीचा कान धरला. अक्षरं तिला धड येत नव्हती, पण आकडे येत होते. दुधाचं माप चाळीस वर्षं तीच बघत होती. एकेक आकडा बोटानं टिपत, आधी कानावर, मग मोबाइलवर, असं तिनं बाराच्या बारा आकडे मिळवले. चंद्रीनं दोनदा मान झटकली, दोनदा शिव्या खाल्ल्या. "हाऊ खालना. हाऊ मनी चंद्रीना नंबर शे." तिनं तो दाबला. पडद्यावर आलं: 'डॉक्टरांना निरोप गेला.'

अखिलनंच टाळी वाजवली. "नंबरऐवजी म्हशीचं नाव हवं होतं, चूक आपली आहे," असं तो मोबाइलकडे बघून सांगत होता. हर्षिता मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "पुनम, एक तारखेपासून या. म्हणजे, तिथंच बसा आणि आमच्यात या."

पुनमला ऐकू आलं, पण तिचं लक्ष मोबाइलकडे नव्हतं. कारण भिकुबाई तिच्याकडेच बघत होती. चेहऱ्यावर अजून विजयाचा घाम होता, पण डोळ्यांत काहीतरी वेगळंच.

"म्हनजे हाई माले करता येस," ती हळू म्हणाली. "मंग इतला वरीस माले काबर करू दिधं नही व?"

पुनमला कितीतरी उत्तरं सुचली. मागे रांग असायची. वेळ नसायचा. दहा रुपये मिळायचे. सगळी खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज तिनं झाकली नाही.

"माले वाटे तुमले जमाव नही, अक्का."

"कधी इचारं व्हतं का?"

"नही."

"पुनम, ऐकू येतंय ना? मी ऑफर लेटर पाठवते आहे," मोबाइलमधून मॅडमचा आवाज आला.

"मॅडम, दहा मिनिटं थांबाल का?" पुनम म्हणाली. मग ती गोठ्यातच उलट्या घमेल्यावर बसली. "अक्का, आखो काय काय तुमले सोता करनं शे, सांगा माले."

भिकुबाईनं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचार केला. "बँकना मेसेज," ती म्हणाली. "तो पहिले माले वाचता उना पाहिजे." मग दुसरं सांगितलं, मग तिसरं. पुनम मध्ये एकदाही बोलली नाही, आणि या वेळी हात मांडीखाली दाबून धरावा लागला नाही.